हरलेल्याचं ताट

आमच्या घरात हरून आलेल्या माणसाला आधी जेवायला वाढायचे. इतरांच्या घरी जिंकलेल्याचं कौतुक असतं, ओवाळणं असतं, पेढे असतात. आमचे आबा जत्रेत कुस्ती मारून आले की माय त्यांच्याकडं धड बघायचीसुद्धा नाही. "हातपाय धुवा," एवढंच म्हणून ती चुलीकडं वळायची, आणि आम्हा भावंडांची जेवणं झाल्यावर मग त्यांचं ताट यायचं. पण ज्या दिवशी आबा पाठीला माती लावून यायचे, त्या दिवशी पहिली भाकरी त्यांची. तव्यावरून थेट ताटात, सोबत येसराची आमटी आणि शेंगदाण्याची चटणी. यात मानपानाचा काही भाग नव्हता. हरलेल्याला दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीनं निघायचं असायचं, म्हणून त्यानं लवकर जेवून लवकर आडवं व्हायचं, एवढंच साधं कारण होतं.

निघायचं कुठं, तर ज्यानं हरवलं त्याच्या गावाला. नेकनूरजवळच्या आमच्या लहानशा गावात एक तालीम होती, तिथली ही रीत. तिला 'डाव मागायला जाणं' म्हणत. ज्यानं तुमची पाठ लावली त्याच्या दारात दुसऱ्या दिवशी नारळ घेऊन उभं राहायचं आणि म्हणायचं, काल ज्या डावावर मला पाडलं तो डाव दाखवा. त्यानं तो नारळ फोडायचा, अर्धं खोबरं आपण खायचं, अर्धं पाहुण्याला द्यायचं, आणि मग अंगणात, शेतात, जिथं माती असेल तिथं तो डाव पहिल्यापासून शेवटपर्यंत दाखवायचा. खोबरं खाल्लं की काही लपवायचं नाही, ही त्यातली मुख्य अट. ही रीत कुणी सुरू केली ते कुणाला ठाऊक नव्हतं. आसपासची गावं आमच्या लोकांना हसायची. तिकडचे पैलवान आधी मार खायला येतात आणि दुसऱ्या दिवशी खोबरं खायला, असं म्हणायची.

आबांचे दोन्ही कान कुस्तीनं चुरगाळलेले होते. लहानपणी मी त्यांच्या मांडीवर बसून ते कान सरळ करायचा प्रयत्न करायची. शेत कोरडवाहू, ज्वारी आणि तूर, त्यात दोन म्हशी. पण आबांचा दिवस सुरू व्हायचा तो जोर-बैठकांनी. मला जाग यायची ती दोन आवाजांनी: चरवीत पडणारी दुधाची धार आणि माजघरात आबांचा लयीत चालणारा श्वास. चाळिशी ओलांडली तरी ते हगाम्यात उतरत होते. आमच्याकडं जत्रेच्या कुस्त्यांना हगामा म्हणतात. चाळिशीचा माणूस हगाम्यात उतरला की हरण्याचे दिवस वाढतात, तसे आबांचेही वाढले, आणि त्यांचं पहिलं ताटही वरचेवर व्हायला लागलं. माय म्हणायची, "ह्या मानसाला हरायची हौस हाय. जिकला तर आमटी गार मिळती ना." आबा हसायचे आणि दुसरी भाकरी मागायचे.

मला मात्र या सगळ्याची लाज वाटायची. मी दहा वर्षांची असेन, आबा मला गेवराईकडच्या एका गावाला बरोबर घेऊन गेले. आदल्या दिवशी त्यांना पाडणारा पैलवान म्हणजे मिसरूड नुकतं फुटलेला मुलगा होता. आबा त्याच्या दारात नारळ घेऊन उभे राहिले आणि त्याला "वस्ताद" म्हणाले. गुरूला म्हणतात ते वस्ताद. मुलाची आई गोंधळून पदर सावरत बघत राहिली, मुलगाही लाजून खांब धरून उभा. मग त्यानं अंगणात आबांचा हात धरून, खांदा खाली कसा घालायचा, कंबर केव्हा वळवायची, हे आठ-दहा वेळा दाखवलं. आबा प्रत्येक वेळी पडायचे, उठायचे, म्हणायचे, "परत एकडाव, वस्ताद." मी दाराआड तोंड लपवून बसले होते. येताना गाडीत आबा खिडकीतून बाहेर बघत हाताची बोटं हलवत होते, मनातल्या मनात तो डाव करत होते. त्यांचा चेहरा इतका खूश होता की कुणाला वाटावं कुस्ती जिंकून परत चालले आहेत. मी ठरवून टाकलं की आपण मोठं झाल्यावर कुणाच्या दारात उभं राहायचं नाही.

मी शाळेत खो-खो खेळायला लागले ते आमच्या पी.टी.च्या सरांमुळं. मुलींना कुस्ती कुणी शिकवत नव्हतं त्या काळात, आणि आबांनीही तो विषय काढला नाही. पण मी खो-खोत बरी आहे असं कळल्यावर ते एक दिवस बाभळीचा चांगला छातीइतका खांब तासून घेऊन आले आणि खळ्यात पुरून दिला. खो-खोत ज्यानं खो घेतला त्याला वाटेत दिशा बदलता येत नाही, ज्या बाजूला निघाला त्या बाजूच्या खांबापर्यंत जावंच लागतं. पळणारी खांबाच्या पलीकडं पोचली की तिला वाटतं, सुटले. तिथंच एका हातानं खांब धरून सगळं अंग पलीकडं झोकून द्यायचं आणि मोकळ्या हातानं तिला शिवायचं. याला खांबावरचा सूर म्हणतात. तो सूर माझा. जिल्ह्यात माझ्यासारखा कुणाचा नव्हता, हे मी आज साठी उलटल्यावरही खाली मान घालून सांगणार नाही.

त्या सुराची किल्ली फार छोटी होती आणि ती मला पडून-आपटून सापडली होती. खांबाजवळचं शेवटचं पाऊल आखूड टाकायचं, आणि खांब वरून, टोकाजवळ धरायचा. आखूड पावलानं वेग अडतो, आणि अडलेला वेग अंगाला खांबाभोवती फिरवतो. आबा रोज सकाळी म्हशीचं दूध काढून झाल्यावर खळ्याच्या कडेला बसून माझे सूर मोजायचे. पंचवीस झाल्याशिवाय उठायचे नाहीत. त्यांना खो-खोतलं ओ की ठो कळत नव्हतं सुरुवातीला. पण महिनाभरात ते मला सांगायला लागले की आज तुझं पाऊल चार बोटं लांब पडतंय.

त्या वर्षी बीडला आमच्या शाळेनं आष्टीकडच्या एका शाळेला हरवलं. त्यांच्या शेवटच्या तुकडीतली शेवटची पोरगी मी खांबावर बाद केली. रुक्मिणी तिचं नाव, सगळे तिला रुखमा म्हणत. काळी, काटकुळी, हात गुडघ्यापर्यंत पोचतील इतके लांब. बाद झाल्यावर ती रडली नाही की रागावली नाही. खांबाजवळ उकिडवी बसून माझ्या पायांचे मातीत उठलेले ठसे बघत बसली. मला तेव्हाच ती आवडली नाही.

आठ दिवसांनी ती आमच्या दारात आली. तिची मावशी नेकनूरला दिलेली, तिच्याकडं ती दोन दिवसांसाठी आली होती आणि मावशीकडून तिला आमच्या गावची रीत कळली होती. फडक्यात गुंडाळलेला नारळ तिनं मायच्या हातात न देता माझ्यापुढं धरला. "ताई, त्यो खांबावरचा सूर दाव मला. दिवाळी झाली की आमी ऊस तोडाया जातो, मग पाडव्यापस्तोर यीत न्हाई. तिकडं करीन रोज." आबा बाजारला गेले होते. मायनं तिला बसवून धपाटे आणि दही खाऊ घातलं. मी नारळ फोडला, अर्धं खोबरं तिला दिलं, अर्धं मी खाल्लं आणि तिला खळ्यात घेऊन गेले.

तिथं मी जे केलं ते इतकी वर्षं मी कुणाला आपणहून सांगितलं नव्हतं, पण लिहायला बसले आहे तर तेच लिहायला हवं. तिला दोनदा खांबापर्यंत पळायला लावलं. त्या लांब हातांना माझं आखूड पाऊल मिळालं तर ही माझ्यापेक्षा हातभर पुढं पोचणार, हे मला स्वच्छ दिसलं. उन्हाळ्यात जिल्ह्याच्या संघाची निवड होती आणि त्या खेपेला संघात खांबावरची एकच घेणार होते. मी तिला सांगितलं, शेवटचं पाऊल जितकं लांब टाकता येईल तितकं टाक, आणि खांब खालून धर, गुडघ्याच्या उंचीला. तिनं करून बघितलं आणि छातीवर आपटली. "ताई, बरगडी लागती की," ती म्हणाली. मी म्हणाले, "सुरुवातीला लागते. सगळ्यांनाच लागते." तिनं मान हलवली, परत मागं गेली आणि परत आपटली. जाताना माझ्या पाया पडायला वाकली.

संध्याकाळी आबा परत आले आणि मायनं त्यांना सांगितलं. मी आबांना इतकं आनंदलेलं कधी पाहिलं नव्हतं. आयुष्यभर ते दुसऱ्यांच्या दारात गेले होते, आणि आज त्यांच्या दारात कुणी डाव मागायला आलं होतं, तेही त्यांच्या पोरीकडं. फोडलेल्या नारळाची करवंटी त्यांनी धुवून देवळीत ठेवली. तालमीत, पारावर, दूध घालायला जाताना, जो भेटेल त्याला सांगत राहिले, "आष्टीहून पोरगी आलती. आपल्या शकूकडं डाव मागाया." मी ती करवंटी दिसू नये म्हणून देवळीकडं पाठ करून जेवायची.

गुढीपाडवा झाला, ऊसतोडीची माणसं परतली. निवडीच्या आधी बीडच्या मैदानावर सरावाचे सामने ठेवले होते, तिथं रुखमा आली होती. आमची एक मुलगी खांबापलीकडं उभी, रुखमा वाऱ्यासारखी आली, शेवटचं पाऊल लांब टाकलं, खांब खालून धरला आणि हात निसटून छातीवर जोरात आपटली. पोरी हसल्या. मीही हसले. ती दोन मिनिटं बसून राहिली आणि मग उठून आपल्या चौकोनात जाऊन बसली. तो सामना आम्ही जिंकला. मैदानातून स्टँडकडं जाताना आबा माझ्या एक पाऊल पुढं चालत होते.

"त्या पोरीचं शेवटचं पाऊल लांब पडतंय," ते मागं न बघता म्हणाले.

मी मागून चालत राहिले.

"तू आखूड टाकतीस. खांब वरून धरतीस."

"हां."

"खोबरं खाल्लंस न्हवं तिचं?"

"खाल्लं."

गाडीत ते माझ्याशेजारी न बसता पुढच्या बाकावर जाऊन बसले. त्यांनी मारलं असतं तर मला बरं वाटलं असतं. घरी आल्यावर त्यांनी पहार घेतली, खळ्यातला खांब उपटला आणि सरपणाच्या ढिगावर नेऊन टाकला. मग देवळीतली करवंटी काढून माझ्या हातात दिली. माय म्हणाली, "आठ दिवसांवर निवड आलीया, पोरीनं कशावर करायचं?" आबा म्हणाले, "ज्याला दुसऱ्याला द्याया येत न्हाई, त्याला स्वतःला तरी काय येतंय? आधी तिथं जाऊन येऊ द्या तिला." मी त्या रात्रीच्या जेवणात एक घास गिळला असेल नसेल. मला स्वतःची किळस आली होती, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटत होती की आता माझी जागा जाणार. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात राहू शकतात, हे मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी बीडला गाडी बदलून आम्ही आष्टीला आणि तिथून पुढं चालत तिच्या वस्तीवर गेलो. नारळ माझ्या हातात. ऊन लागत होतं, दोन्ही बाजूंना नांगरलेली रानं, आणि मी वाटभर काय बोलायचं ते ठरवत होते. तिच्या घरापुढं माणसं अजून ऊसतोडीहून आणलेलं सामान लावत होती, भांडी, वाकळा, कोयते. आणि अंगणाच्या कडेला एक ओबडधोबड खांब रोवलेला होता. तिकडं तळावर तिनं तो रोवला होता, आणि येताना बापाच्या मागं लागून ट्रकमध्ये टाकून घरी आणला होता. तिची आई कपाळाला हात लावून सांगत होती, लोक तिकडून गुळाची ढेप आणतात, आमच्या पोरीनं लाकूड आणलं.

आबांनी रुखमाला नमस्कार केला. पंधरा वर्षांच्या पोरीला. "वस्ताद, माजी पोरगी आलीया," म्हणाले आणि बाजूला जाऊन दगडावर बसले. मी रस्ताभर ठरवलेलं सगळं विसरले.

"रुखमे, मी तुला उलटं शिकिवलं व्हतं," मी म्हणाले.

"ठाव हाय," ती म्हणाली.

"कवापसून?"

"तिसऱ्या दिसापसून. बरगड्या दुखाया लागल्या तवाच कळलं. तुज्या पायाचे ठसे म्या बीडलाच बघितलते, ते जवळजवळ व्हते."

"मग कावून करीत ऱ्हायलीस?"

तिनं खांदे उडवले. "तिकडं दुसरं कोन व्हतं शिकवाया? म्हनलं, उलटं तर उलटं. एवढ्या लांबून मागून आनलंय, त्यातून काय निघतंय का बघू."

आणि काय निघालं होतं ते तिनं दाखवलं. तिच्या धाकट्या बहिणीला खांबापलीकडं चांगलं दोन हात लांब उभं केलं, इतकं लांब की माझा सूर तिथं पोचलाच नसता. ती धावत आली, शेवटचं पाऊल लांब टाकलं, खांब खालून धरला, आणि यावेळी तिची छाती खांबावर आपटली नाही. ती जमिनीला समांतर गेली, मातीच्या वीतभर वरून, आणि बहिणीच्या टाचेला बोट लागलं. मी उभी होते तिथंच राहिले. मी तिला चूक दिली होती. सकाळी मोळ्या बांधून झाल्यावर आणि दुपारी भाकरी खाऊन झाल्यावर पाच महिने आपटून आपटून तिनं तिचा डाव केला होता. मला खोटं बोलायला जेवढा वेळ लागला त्यापेक्षा तो शिकायला तिला किती जास्त लागला असेल, याचा हिशेब मी आजही लावू शकत नाही.

"मग बीडला कावून पडलीस?" आबांनी दगडावरूनच विचारलं.

"तिथला खांब गुळगुळीत हाय, मामा. माजा खरबरीत. हात निसटला."

गुळगुळीत खांब मला माहीत होता. मी तिला सांगितलं, धावण्याआधी तळव्याला कोरडी माती चोळायची, आणि बोटांनी धरायचं नाही, मनगटाची आतली बाजू खांबावर टेकवून अडकवायचं. माझं आखूड पाऊलही दाखवलं, जसं आधीच दाखवायला हवं होतं. मग मी आबांकडं बघितलं. त्यांनी नुसती मान हलवली. मी नारळ पुढं केला आणि म्हणाले, "त्यो खालचा सूर दाव मला." तिनं नारळ दगडावर फोडला, अर्धं खोबरं मला दिलं, अर्धं दातानं तोडत तोडत दिवस कलेपर्यंत मला शिकवत राहिली. तिनं काही म्हणजे काही लपवलं नाही. मी सत्तर वेळा तरी पडले. दोनदा जमला.

आज रुखमा आष्टीला असते. तिची नातवंडं शहरात शिकतात, माझे गुडघे बोलतात, खो-खो मातीवरून गादीवर गेला. मी शाळेतून निवृत्त झाले तरी मैदानावर जाते. परवा एका सातवीतल्या मुलीनं मोबाईलवर मीच शिकवलेला सूर मला सावकाश करून दाखवला आणि म्हणाली, बाई, गादीवर पाय असा टाकला तर घसरत नाही. मी तिला म्हणाले, परत दाखव. रुखमाचा फोन आला की ती कशी आहेस असं विचारत नाही. "काय नवं शिकलीस?" असं विचारते, आणि सांगण्यासारखं काही नसेल तर मला ओशाळल्यासारखं होतं.

तर निवडीचा दिवस. आबांनी खांब परत पुरला होता, पण आठ दिवसांत तो सूर कुठला पक्का होतोय. बीडच्या मैदानावर दोरीपलीकडं माणसं, आबा त्यांच्यात, डोक्याला रुमाल गुंडाळून. रुखमानं हाताला माती चोळली आणि जिल्ह्यातल्या सगळ्यात चपळ पळणारीला असं काही बाद केलं की निवडीला बसलेले सर खुर्चीवरून उठून खांबाजवळ आले. असा सूर त्यांनी पाहिला नव्हता. "हा कुणी शिकवला तुला?" त्यांनी विचारलं.

रुखमानं माझ्याकडं बोट केलं. "ह्या ताईनं. लांब पाऊल टाक, खालून धर, असं तिनंच सांगितलं मला." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ती खरं तेच सांगत होती.

सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. आमच्या सरांची छाती फुगली. निवडीच्या सरांनी मला जवळ बोलावलं, नाव विचारलं आणि हातातल्या कागदावर लिहायला पेन टेकवलं. दुसरी पोरगी शिकवून तयार करणारी खेळाडू, संघात असायलाच हवी, असं काहीतरी ते शेजारच्यांना म्हणत होते. मी गप्प बसले असते तर माझं नाव त्या कागदावर गेलं असतं. रुखमानं तोंड उघडलं नसतं. आबा दोरीपलीकडं होते, त्यांच्यापर्यंत आमचं बोलणं पोचत होतं की नाही मला माहीत नव्हतं.

"सर, मी तिला फसवलं होतं," मी म्हणाले. "तिनं माझी जागा घेऊ नये म्हणून उलटं सांगितलं होतं. हा सूर तिचा तिनं केलाय. मी आता तिच्याकडून शिकतेय."

 सरांनी पेन उचललं. मग म्हणाले, "किती आलाय तुला? दाखव."

माझा जुना सूर मी झोपेत मारला असता. तो मारला असता तर कदाचित अजूनही निभावलं असतं. पण त्यांनी विचारलं होतं ते नव्या सुराबद्दल, आणि मी नवाच मारला. पहिल्यांदा हात निसटला आणि हनुवटी फुटली. दुसऱ्यांदा खांब मिळाला पण बोट पोचलं नाही. तिसऱ्यांदा मी मातीच्या वीतभर वरून गेले, टाच माझ्या बोटांपासून दोन अंगुळं लांब राहिली. रुखमा खांबाजवळून मोठ्यानं म्हणाली, "खांदा पाड, ताई, खांदा." सर म्हणाले, बस झालं.

संध्याकाळी नावं वाचली. पहिलं नाव रुखमाचं. बारा नावं झाली, राखीवही झाली, माझं नाव आलं नाही. पुढल्या वर्षी आणि त्यानंतरची तीन वर्षं मी जिल्ह्याकडून खेळले, रुखमाबरोबर खेळले, त्याच्या गोष्टी वेगळ्या आहेत. पण त्या दिवशी मी बसच्या खिडकीशी हनुवटीला रुमाल दाबून बसले होते आणि आबा शेजारी. त्यांनी ऐकलं होतं का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. नेकनूर जवळ आलं तेव्हा ते समोर बघत, कुणाला तरी सांगावं तसं म्हणाले, "समदं ऐकू यीत व्हतं तिथवर." आणि त्यांनी आपला रुमाल डोक्यावरून सोडून माझ्या हातात दिला, कारण माझा रक्तानं भिजला होता. मी त्यांच्याकडं बघितलं. गेवराईहून परतताना होता तसा त्यांचा चेहरा होता.

घरी माय दारातच उभी. "काय झालं?"

"हरली," आबा म्हणाले. जत्रेतली मोठी कुस्ती मारून आलेला माणूसही इतक्या ऐटीत घरात शिरला नसेल.

माय आत वळली. चुलीपुढं बसली, तवा तापलेलाच होता. आम्ही हातपाय धुवून आलो, भावंडं आपापल्या जागी बसली, आबा भिंतीशी बसले. भाकरी फुगली, मायनं ती उचलली, आमटी वाढली, चटणी वाढली, आणि ताट आबांना ओलांडून माझ्यापुढं ठेवलं.

"खा लवकर," ती म्हणाली. "सकाळच्या गाडीनं आष्टीला जायचंय तुला. नारळ आनून ठिवलाय."

मी देवळीकडं बघितलं. नारळ तिथं होता, सोललेला, शेंडी राखलेला.

"तुला काय म्हाईत मी हरून येनार?" मी विचारलं.

"मला काय म्हाईत," माय म्हणाली आणि दुसरी भाकरी थापायला घेतली. "पर जिकली असतीस तरी गेलीच असतीस न्हवं?"

आबांचं ताट अजून रिकामं होतं. ते माझ्याकडं बघत बसले होते, आणि भाकरीची त्यांना मुळीच घाई नव्हती.